ह्यातला किरण कंचा?

किऱ्या मेला त्याला आज वर्ष झालं, आणि मला त्याचं रेकॉर्डिंग ऐकताना अजूनही मजा येते.

लाज वाटते सांगायला. पण येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. किरण, अवसरी बुद्रुकचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. पुण्यात एका रॉक बँडमध्ये लीड गिटार वाजवायचा. काळे टी-शर्ट, इंग्लिश गाणी, तिकीट लावून शो. तो त्याचा मेन बँड.

आणि इकडे आमचा साइड बँड. नाव 'मुक्कामी'.

ड्रमवर जुन्नरचा शकील, कीबोर्डवर पेठ गावचे आमचे ड्रॉइंगचे सर, मिक्सरवर मी. माझा मंडप-साउंडचा धंदा, म्हणून सामानाची चिंता नव्हती.

साइड बँड म्हणजे काय, ते मावशीला, म्हणजे किऱ्याच्या आईला, कधी कळलंच नाही. तिच्या लेखी साईड म्हणजे बांधकामाची साईड. अख्ख्या आळीला सांगायची, "पोरगं रविवारचं बी साईडवर जातंय, लई राबतंय."

किऱ्याने कधी दुरुस्त केलं नाही. म्हणायचा, "राहू दे राव. तिला पोरगा इंजिनिअर झाल्याचा फील येतोय."

रेकॉर्डिंग डिंभे धरणाजवळचं. एका मित्राच्या हॉटेलचं उद्घाटन होतं. संध्याकाळची एसटी आलीच नाही, म्हणून अर्धं पब्लिक नाइलाजाने बसलेलं, समोर तळलेले मासे.

सुरुवातीलाच किऱ्या माइकवर म्हणतो, "पावणं, गाडी आली की हात करा. आमी गाणं मधीच सोडू."

गाडी आली नाही. आणि किऱ्याने असं वाजवलं की नंतर कुणी रस्त्याकडे बघितलंही नाही.

पुण्यात तो शिस्तीत वाजवायचा. इथे सुटायचा.

दुसऱ्या गाण्यात शकीलचा एक ठोका चुकतो. दुसरा कुणी असता तर डोळे वटारले असते. किऱ्या ती चूकच धरतो, तीच परत वाजवतो, वळवतो, तिच्यावर खेळत सुटतो. शेवटी शकीलला वाटतं, गाणं असंच होतं. तिथे मी मिक्सरवरून ओरडलोय, तेही आलंय. शिवी आहे. असू दे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो अंधार पडल्यावर पुण्याहून बाइकवर आमच्या प्रॅक्टिसला यायला निघाला. पेठच्या अलीकडे हायवेवर बंद पडलेला ट्रक उभा होता. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी झाडाची फांदीसुद्धा लावलेली नाही.

पाठीवरच्या गिटारला ओरखडा नव्हता. मला त्या गिटारचा अजून राग येतो.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर घरात काही वाजवत नाहीत. टीव्हीसुद्धा मुका. मी रेकॉर्डिंगचं सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाली, "वरीस होऊ दे. मग ऐकते."

म्हणजे किऱ्याच्या दुखवट्यापायी किऱ्याचंच वाजवणं बंद. हसावं की डोकं आपटावं?

आज वर्षश्राद्ध झालं. पंगत उठली. मावशीने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "लाव."

मी छोटा स्पीकर नेला होता. लावला.

ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने गालावरून पाणी यायला लागलं. मान हलवत म्हणाली, "किती ग्वाड वाजिवतोय माझा किरण."

तो कीबोर्ड होता. सर वाजवत होते.

गप्प बसता आलं असतं. पण चुकीच्या वाद्यावर तिला रडू देणं माझ्याच्याने होईना. म्हणालो, "मावशी, हे सर हाईत."

तिने डोळे उघडले. "मंग ह्यातला किरण कंचा?"

पंधरा वर्षं वाजवत होता हा माणूस. घरात नुसत्या तारा छेडायचा, आवाज बारीक, बापाची झोपमोड नको म्हणून. स्टेजवरची त्याची गिटार आईने एकदाही ऐकली नव्हती.

"बाकीच्यांचा बंद कर," ती म्हणाली. "निस्ता त्याचाच लाव."

"न्हाई निघत येगळा, मावशी. समदं एकातच रेकॉर्ड झालंय."

हे बोलताना मला माझ्या धंद्याची किळस आली. चॅनल वेगळे घेता येतात, प्रत्येक वाद्याचं वेगळं. पण हॉटेलच्या उद्घाटनाला कोण घेतं?

तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "तू वळखतो ना? मग बोट वर कर. त्यो आला की वर, थांबला की खाली."

मी पहिल्यापासून लावलं.

गिटार आली की बोट वर. थांबली की खाली. ती स्पीकरकडे बघतच नव्हती. माझ्या बोटाकडे बघत होती. बोट वर गेलं की तिचा चेहरा उजळायचा. बघवत नव्हतं.

दुसऱ्या गाण्याच्या शेवटी गिटार एक सूर लांब धरते. तो बारीक होत जातो.

मी बोट खाली घेतलं.

"ग्येला?" तिने विचारलं.

"हो मावशी. गेला."

किऱ्या, भाऊ, आमच्या सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.