अकराच्या गाडीवरचा आवाज

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा ऑरिन टॅगर्ट हा हट्टी माणूस आहे, असं मी म्हटलं तर गावात कोणी मान वर करूनही बघणार नाही. इथे नेब्रास्कात रुळांच्या कडेला वाढलेली बरीच माणसं तशीच. पण ऑरिनच्या हट्टाने माझ्या बहिणीचं घर मोडलं, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

छत्तीस वर्षं त्याने मालगाडी चालवली. शेवटची चार वर्षं इंजिनात शेजारी कंडक्टर, म्हणजे ड्रायव्हरचा जोडीदार, म्हणून त्याचाच मुलगा, वेस्ली. आमच्याकडे गाडी सिग्नलपाशी आली की तो रेडिओवर पुकारायचा असतो, जागेचं नाव आणि रंग. वेस्ली नोकरीला लागला तेव्हा ऑरिनने त्याला टेबलाशी बसवून घोकून घेतलं. आधी नाव, मग दमभर थांबायचं, मग रंग दोनदा. बहीण अंडी तळत होती आणि हे बापलेक 'कॉटनवुड... हिरवा, हिरवा' करत होते. तिला हसू आवरेना.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी सिग्नल पिवळा होता आणि ऑरिनने हिरवा पुकारला. गाडी कशीबशी थांबली, कोणाला खरचटलंही नाही. पण चौकशी लागली, वेस्लीला विचारलं आणि त्याने खरं ते सांगितलं. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं असताना कंपनीने ऑरिनला घरी बसवलं. त्या दिवसापासून त्याने मुलाशी बोलणं सोडलं. बहीण गेली तेव्हाही दोघे तिच्या शवपेटीच्या दोन बाजूंना परक्यासारखे उभे. ते मी त्याला कधीच माफ केलं नाही.

आणि हाच माणूस रोज सकाळी अकराला स्वयंपाकघरात स्कॅनर, म्हणजे रेल्वेवाल्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र, लावून बसायचा. वेस्ली नव्वद मैलांवर राहायला गेला होता, आता स्वतः ड्रायव्हर झाला होता आणि अकराची मालगाडी तोच आणायचा. मी कॉफी ओतायला लागले की ऑरिन हात वर करायचा. "गप्प बस जरा, गाडी येतेय." गाडी येतेय. पोराचं नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती. खरखरीतून तीन शब्द यायचे, हा मान डोलवायचा आणि मग दिवसभर माणसात असायचा.

दोन वर्षांपूर्वी वेस्लीचा मला फोन आला. "मावशी, मी ऑरेगनला चाललोय. बाबांनी विचारलं तर सांग. नाही विचारलं तर राहू दे."

ऑरिनने विचारलं नाही. पुढच्या सोमवारी अकराला मी मुद्दाम तिथे जाऊन बसले. आता याला कळेल, म्हटलं. तर रेडिओवर 'कॉटनवुड... हिरवा, हिरवा'. तोच दम, तेच दोनदा. वेस्लीने जाण्याआधी वर्षभर ज्याला शिकवलं, तो पोरगा होता. त्यात ती खरखर, आणि इंजिनाने बधिर केलेले ऑरिनचे कान. ऑरिनने मान डोलवली. मी गप्प राहिले, आधी दयेने, नंतर रागाने.

या वसंतात कंपनीने रेडिओ डिजिटल केले. जुन्या स्कॅनरवर नुसती घरघर. ऑरिन पिसाळला, दोन आठवडे धड जेवला नाही, मग टपालाने नवा स्कॅनर मागवला. भिंग घेऊन पाच दिवस माहितीपुस्तक वाचलं. गुरुवारी अकराला तो लागला. खरखर अजिबात नाही, माणूस खोलीत उभा राहून बोलतोय इतका स्वच्छ आवाज. दक्षिणेकडच्या हेलाचा, कोवळा. "कॉटनवुड... हिरवा, हिरवा."

ऑरिनची मान डोलली नाही.

"हा कोण?"

"वेस्ली नाही," मी म्हटलं. "वेस्ली ऑरेगनला आहे. दोन वर्षं झाली. मुलगी झालीय त्याला, चालायला लागली."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस, डेला?"

"विचारलंस कधी? आणि ऐकायचंच आहे तर सगळं ऐक. तू इथे कान लावून बसतोस हे त्याला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. त्याला तिकडे पश्चिमेकडच्या मार्गावर चांगली पाळी मिळत होती, दोनदा. त्याने घेतली नाही. सात वर्षं हीच गाडी धरून बसला. का, ते मी सांगायला हवं का? वाट बघून बघून दमला तो."

मी खूप दिवसांचं साठलेलं बोलले आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. ऑरिन एकदम म्हातारा दिसायला लागला. मी वेस्लीचा नंबर कागदावर लिहिला आणि फोन उचलून त्याच्यासमोर ठेवला. त्याने भिंग धरून नंबर वाचला.

"तिकडे किती वाजले असतील?"

"नऊ."

"म्हणजे कामावर असेल," ऑरिन म्हणाला, आणि त्याने स्कॅनरचा आवाज वाढवला.