भंडाऱ्याची डबी

भंडाऱ्याची पितळी डबी उघडली की हळदीच्या आधी तंबाखूचा वास येतो. चिंच लावून कितीदा घासली, तरी जात नाही.

तो वास आला की मी सानपाड्याच्या जुन्या खोलीत जाऊन बसते. यांनी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं होतं. तयारी करून घ्यायला दोन मिशनरी मुली संध्याकाळी घरी यायच्या. देव्हाऱ्यात खंडोबा होता, आणि सासूबाई नि मी त्याच्याच राहणार होतो.

त्या दिवशी थोरली मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याआधी तंबाखू सोडावी लागते. जमेल ना?"

यांनी मुकाट्याने खिशातली डबी काढून तिच्यापुढे धरली! त्याच डबीसाठी मी लग्नापासून रडले, भांडले, खंडोबाचे रविवार धरले. आणि ही कालची पोरगी एकदा गोड बोलली, झालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती हसून म्हणाली, "मला नको, आंटींना द्या. इतकी वर्षं त्याच सांगतायत ना?"

डबी माझ्या हातात आली, पण तीही तिच्याच सांगण्यावरून. सासूबाई मात्र खूश. "देव कुठला का असंना, तंबाखू सुटली न्हवं?"

खरंच सुटली. आता रविवारी चर्चला निघताना यांचा शर्ट मीच इस्त्री करते. त्या मुलीचं नावही आठवत नाही. पण कपाळाला भंडारा लावताना खंडोबाला अजून विचारते, "मागितलं होतं मी तुझ्याकडे. मग हे काम तिच्या देवाला का सांगितलंस?"