तारेच्या आतली वस्ती

तीस वर्षं लोकांच्या घरात उजेड करून वायरमन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या हाती एकच तार उरली. तिच्यातून वीज जात नव्हती. खांबावरून खांबावर जात ती सगळ्या वस्तीला वळसा घालून आली होती. तिची देखभाल त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना तारवाले म्हणत.

“तुम्ही ज्यू लोक नेमके याच उपनगरात का हो दाटीवाटीने राहता?” कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने एकदा विचारलं होतं.

“अरे बाबा, शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो. शनिवारी अंधार पडेपर्यंत गाडीत बसायचं नाही. मग सिनेगॉग पायी जाण्याइतकं जवळ नको? प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते काय आभाळातून पडणार? शिवाय त्या दिवशी घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही, लेकरूसुद्धा. पण वस्तीभोवती तार फिरवली की सगळी वस्ती एकच घर. मग बाबागाडी खुशाल ढकला. जिथे तार, तिथे लेकुरवाळी घरं.”

“म्हणजे तार तुटली की वस्ती उठली!” किल्लीवाला हसला होता. तारवालेही हसले होते.

आता ते बोलणं आठवलं की तारवाल्यांना हसू येत नसे.

दर शुक्रवारी दुपारी खांद्यावर शिडी टाकून ते फेरी मारत आणि सिनेगॉगच्या दारावर पाटी लावत, ‘तार शाबूत’. तीन आठवड्यांपूर्वी गॅरेजच्या भिंतीपाशी तार लोंबताना दिसली. टोक स्वच्छ कापलेलं. त्यांनी मुकाट्याने जोड दिला आणि घरी म्हणाले, “वारा फार होता.” पुढच्या शुक्रवारी तीच जागा, तोच वारा. पण बायकोला धुवायच्या पँटच्या खिशात तारेचा तुकडा सापडला.

“अहो, वाऱ्याच्या हातात पक्कड होती वाटतं?”

“हळू बोल. मुलाच्या कानावर गेलं तर त्याच्या दारात सामानाचा टेंपो उभा राहील.”

ते खोटं नव्हतं. सिनेगॉगच्या खिडकीवर दगड आला, तेव्हापासून चार घरं उठून पलीकडच्या उपनगरात गेली होती. प्रार्थनेला आता जेमतेम अकरा जण जमत. मुलगाही तिकडे जागा बघून आला होता. सुनेने अजून होकार दिला नव्हता. नात आठ महिन्यांची, अजून पायावर उभी नव्हती.

तिसऱ्या शुक्रवारी तार तीन ठिकाणी कापलेली होती आणि मधला लांबलचक तुकडा गायब. पिशवीतली तार पुरेना. ऊन उतरत चाललं होतं, शब्बाथ लागायच्या आत नवी तार आणणं शक्य नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल इंजिन चालू ठेवून उभी होती. स्वाराचं तोंड हेल्मेटमध्ये. तारवाले शिडीवरच थांबले.  तो नुसता बघत राहिला आणि निघून गेला.

सिनेगॉगच्या दारात पाटी हातात घेऊन ते कितीतरी वेळ उभे राहिले. ‘शाबूत’ लावलं तर कोणाला कळणार होतं? वरच्याला. आणि बिचाऱ्या आया पाटीच्या भरवशावर लेकरं घेऊन बाहेर पडणार. त्यांनी पाटी उलटी केली. ‘तार तुटली’. इतक्या वर्षांत न लागलेली ती बाजू अजून कोरी करकरीत होती.

शनिवारी मुलगा एकटाच प्रार्थनेला आला. रविवारी सकाळी तो सुनेला आणि नातीला घेऊन घरी आला. तारवाल्यांनी तुकडा टेबलावर ठेवला.

“तुटली नाही. तोडली. तिसऱ्यांदा.”

“आणि तुम्ही आम्हाला वाऱ्याचं सांगत होतात?” मुलाचा आवाज चढला.

“तुम्ही जाल म्हणून रे.”

“मग काय, लेकराला घेऊन इथे मरायचं?”

 सुनेने तुकडा उचलून त्याचं टोक बोटाने चाचपलं.

“बाबा, तुम्ही वर चढता तेव्हा खाली कोण असतं?”

“कोण असणार?”

“येत्या शुक्रवारी मी येते. जायचं की राहायचं, ते नंतर बघू.”

मुलगा चिडून उठला, पण नवी तार त्यानेच आणून दिली.

शुक्रवारी सुनेचा एक हात शिडीवर, एक बाबागाडीवर. तारवाले गॅरेजच्या भिंतीपाशी वर चढले. दुरून मोटरसायकलचा आवाज आला. सुनेने बाबागाडी भिंतीच्या बाजूला ओढून घेतली. 

“खाली येऊ का गं?”

“नको,” ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “घट्ट धरलीय मी. तुम्ही गाठ मारा.”