निकालातलं एक वाक्य

डॉक्टर आत आला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला खुर्ची द्यायला लावली. तो फिर्यादी. मी आरोपी, पिंजऱ्यात उभी.

काचीगुड्यातल्या एका हिंदी दैनिकात मी बातमीदार होते. खुल्या धोरणाचे दिवस. शहरात खासगी इस्पितळांचं पेव फुटलं होतं. या डॉक्टरनं सरकारी जमीन कवडीमोलानं घेतली, गरिबांना मोफत खाटा देण्याच्या बोलीवर. प्रत्यक्षात त्याच्या इस्पितळात गरिबाला दारातूनच हाकलत. मी तेच छापलं. त्यानं बदनामीचा खटला भरला.

उलटतपासणीत त्याच्या वकिलानं विचारलं, "आई काय करते?"

"म्युनिसिपाल्टीत रस्ते झाडते."

खाटांचा आणि झाडूचा काय संबंध? साहेबांनी प्रश्न अडवला नाही. हसले. निकालात इंग्रजीतून लिहिलं: झाडूवालीच्या घरात वाढलेल्या आरोपीला प्रतिष्ठा म्हणजे काय हे कळणं शक्य नाही. शिक्षा, सहा महिने.

आई मागच्या बाकावर होती. "काय म्हणले गं साहेब?" मी शब्दन् शब्द सांगितला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती मात्र उठून अंबरपेठेतल्या घराची वाट चालू लागली.

जामिनावर राहून अपील केलं. वर्षं गेली. सेशन्स कोर्टानं मला सोडलं, बातमी खरी ठरली. आमच्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी आवारातच चहा मागवला. भला माणूस. आईनं कप घेतला नाही.

"अन् माझं जे लिवलंय ते? ते काढले का नै?"

वकीलसाहेबांनी पानं चाळली. नव्या निकालात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

"छूट गई ना बेटी," ते मला म्हणाले. "अब अदालत को नक्को छेडो. जज लोगां बुरा मान जाते."

संपादकांनीही तेच सुनावलं. जीव वाचला, आता गप बस.

न्यायाधीशांना वाईट वाटेल म्हणे! वाटू दे. माझ्या आईला वाटलं, तेव्हा कुणी विचारलं? डॉक्टरच्या अब्रूसाठी कायदा आहे, पोलीस आहेत, तुरुंग आहे. तिची अब्रू भर कोर्टात, सरकारी कागदावर घेतली. घेणारा न्यायाधीश. आणि मी सुटले म्हणून पेढे वाटू?

"हायकोर्टात अर्ज लिहा," मी वकीलसाहेबांना म्हटलं. "माझी केस संपली. हिची नाही."

"और नहीं माने तो?"

"तर त्याच्याही वर. तुम्ही नाही आलात तर मी एकटी उभी राहीन."

ते वाक्य कोर्टानं लिहिलंय. कोर्टाच्याच हातानं खोडून घेईन.