मागचं दार उघडलं

शिरपूरजवळच्या एका वृद्धाश्रमाची तपासणी माझ्याकडे होती. पहिल्या भेटीत मागच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली कुणालाच सापडेना. मी कडक शेरा लिहिला. व्यवस्थापक नाराज झाले, पण कामाला लागले.

तीन महिन्यांनी मी न कळवता गेले आणि आगीची घंटा वाजवायला लावली. मागचं दार लगेच उघडलं. नव्या उतारावरून चाकाच्या खुर्च्या अंगणात आल्या. शेवटी काठी टेकत एक अक्का आल्या; सगळ्या खोल्या बघून येण्याचं काम त्यांनीच मागून घेतलं होतं.

"मोजी ल्या ताई, बठ्ठा शेतस!" त्या धापा टाकत म्हणाल्या.

मी मोजले. खरंच, सगळे बाहेर होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत तपासणीला गेल्यावर मी पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या.