औषध मारलेला गणवेश

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, तेही रसायनशास्त्र घेऊन. हे मी अभिमानानं सांगते. चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, आणि तिथंच एका शब्दानं मला तोंडावर पाडलं.

आदल्या पावसाळ्यात शाळेतल्या एका मुलीला डेंग्यू झाला. लातूरला आठवडाभर सलाईनवर होती, वाचली. पण हा ताप दुसऱ्यांदा आला तर जास्त वाईट असतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यंदा ती चौथीत, माझ्या वर्गात आली. माझं सगळं लक्ष तिच्यावर.

डेंग्यूचा मच्छर चावतो दिवसा, पोरं शाळेत असताना. तिथं मच्छरदाणी काय कामाची? म्हणून आरोग्यवाल्यांनी मुलांचे लांब बाह्यांचे गणवेश मच्छर पळवणाऱ्या द्रावणात भिजवून, वाळवून दिले. पालकसभेत मी ठसक्यात सांगितलं, "कपड्यांना औषध मारलंय. आता काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी नेमकी तीच मुलगी घरच्या फ्रॉकवर आली. दंड उघडे, पाय उघडे.

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आई तूर निवडत होती.

"मॅडम, मागल्या साली ह्यांनी तुरीला औषध मारलं अन् भोवळ येऊन बांधावर पडले. त्या दिवशीची त्यांची कापडं मी आजून कुणाला शिवू देत न्हाई. अन् तुम्ही पोरीच्या अंगावरच घालायला लागलात?"

तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. आमच्याकडं औषध घेतात, देतात, लावतात. मारतात ते फक्त पिकावर. तरी मी माघार घेतली नाही. द्रावण किती पातळ असतं, ते सांगायला लागले.

"ते पातळ-बितळ मला कळत न्हाई. तुमच्या लेकीला घातलं का?"

मी लातूरहून ये-जा करते, लेकही तिथंच शिकते. "तिच्या शाळेत हे नाही," मी म्हणाले.

"मंग?" एवढंच बोलून तिनं सूप उचललं.

परतताना 'अडाणी' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, खोटं कशाला बोलू? पण मग माझी आईच आठवली. दादांचा, म्हणजे वडलांचा, फवारणीचा सदरा ती गोठ्यामागच्या लिंबाला अडकवायची, सगळ्यांत शेवटी, वेगळ्या दगडावर धुवायची. तीही शाळेत गेली नव्हती. औषध मारलेला झंपर तिनं माझ्या अंगाला लागू दिला असता का?

शनिवारी आरोग्यवाले राहिलेले गणवेश भिजवायला पुन्हा आले. मी लातूरहून लेकीचा गणवेश आणला आणि त्याच बादलीत भिजवायला दिला. तो सावलीत वाळत असताना त्या मुलीच्या आईला बोलावून घेतलं.

"ताई, मी चुकीचं बोलले. मारलं नाही, भिजवलंय. ओलं असताना हात लावायचा नाही, वाळल्यावर अंगाला बाधत नाही. हा माझ्या लेकीचा."

वाळल्यावर तिनं बाही नाकाला लावली. "वास तर न्हाई. धुतल्यावर?"

"हळूहळू उतरतं. पण धुताना बाकीच्या कपड्यांत..."

"ते मला नका शिकवू," ती पहिल्यांदा हसली.

सोमवारी मुलगी गणवेशात आली, पण जरा जास्तच गुबगुबीत दिसत होती. आत बापाचं बाह्यांचं बनियन, गुडघ्यापर्यंत. आई फाटकाशी उभी.

"मच्छर बाहीरून येतंय ना, मॅडम? मंग औषध बाहीर, पोरगी आत."

यात कुठं काही चुकतंय का, हे मी माझ्या सगळ्या रसायनशास्त्रानिशी शोधलं. सापडलं नाही. संध्याकाळी लातूरला घरी गेले, आणि लेकीच्या उद्याच्या गणवेशाबरोबर आत घालायला तिची शमीजही काढून ठेवली.