हिंगण्याच्या वाटेवरची हवा

काही मित्रांचे किस्से आठवावे लागतात. आमच्या सायकलवाल्यांचं तसं नाही. एक सांगायला घेतला की बाकीचे मागून घंटी वाजवत येतात!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिघं प्रताप नगरच्या बाजूला राहायचो आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होतो. कंपनीची बस होती, पण ती आमच्या वस्तीकडे वळतच नसे. म्हणून सायकल. आणि वाट अशी, की अर्धी गिट्टीची, अर्धी काळ्या मातीची. अशा वाटेवर टायरमध्ये हवा किती ठेवावी, यावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी पगारावरूनही झाली नसतील.

देवराव कडक हवेचा. कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातला, अंगानं दणकट. रोज सकाळी टायरवर अंगठा दाबून बघायचा आणि किंचित रुतला तरी पंप मागायचा. “अंगठा रुतला त ते हवा नाही, अफवा होय!”

गौतम नरम हवेचा. बारीक चणीचा, हळू बोलणारा. तो म्हणायचा, “रस्ता दगडाचा हाय, मंग टायर काहून दगडाचं करता? दोघातल्या एकानं तरी नरम राहावं न गा!”

मी मध्यम हवेचा. त्यामुळे माझं कोणीच ऐकत नसे.

* * *

देवरावच्या कॅरियरला तीन पुडांचा डबा बांधलेला असायचा. कडक टायर, त्यात गिट्टी. डबा वाटभर असा नाचायचा की लांबून बँड येतोय असं वाटे! दुपारी झाकण उघडलं की वरण, भात, भाजी आणि लोणचं एकाच घरात नांदत असायचे.

एकदा गौतमनं विचारलं, “आज वहिनीनं काय दिलं गा?”

देवराव डब्यात बघत म्हणाला, “घरून निघालो तवा वांग्याची भाजी होती.”

* * *

पण गौतमनं हसू नये! नरम टायर दगडावर आपटलं की आतली ट्यूब रिमखाली चेंगरायची. आठवड्यातून एकदा तरी त्याची सायकल इस्माईलचाचाच्या पंक्चरच्या टपरीवर उलटी पडलेली असे.

एका संध्याकाळी चाचांनी ट्यूब बाहेर काढली, पाण्यात बुडवली, फिरवली, परत फिरवली, आणि चष्मा काढून विचारलं, “गौतमभाई, इसमें ट्यूब किधर है? मेरे को तो सब जोड़ ही दिख रहे!”

गौतम शांतपणे म्हणाला, “जोड पक्के हायेत न चाचा? मंग ट्यूब काहाले पाहिजे?”

* * *

मे महिना. नागपूरचं ऊन काय सांगू! सायकल स्टँडला छप्पर नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत असा धडाका झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. गेटवरच्या ठाकूर दरबानानं जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. “बॉयलर फटा! बॉयलर फटा!” सगळी शिफ्ट मैदानात. मॅनेजरसाहेब गळ्यातल्या नॅपकिनसकट पळत आले.

“कोणता? कोणता बॉयलर फुटला?”

गर्दीतून देवरावनं हळूच हात वर केला. “माहा, साहेब. मागचा.”

* * *

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. काळी माती ओली झाली की कणकेसारखी चिकटते. गौतमचं पसरट टायर डुलत डुलत निघून जायचं. देवरावचं कडक टायर सुरीसारखं आत घुसायचं, मडगार्ड गच्च भरायचं, की सायकल जागेवर उभी! एकदा तर तो सायकल खांद्यावर घेऊन गेटवर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडावर तोच तोरा.

ठाकूर स्टँडचे बिल्ले वाटत होता. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं. “देवरावजी, बिल्ला किसको दूँ? सायकल को, या आपको?”

“ज्याले आणलं त्याले दे!”

* * *

देवरावची बायको कुसुमवहिनी. एकदा दोघं त्याच्या भावाच्या गावी, कळमेश्वरकडे निघाले. वहिनी कॅरियरवर. गाडीवाट लागली आणि पहिल्या दोन खड्ड्यांतच वहिनीनं खाली उडी मारली.

“तुमची हवा तुमच्यापाशी ठेवा. मी पायी येतो!”

देवराव रागानं पुढे गेला. पुढे गोटे लागले, चेन उतरली, ती बसवली, परत उतरली. घामाघूम होऊन गावात पोचला तर वहिनी भावाच्या ओसरीवर बसून चहा पीत होती. मागून बैलबंडी आली होती, बंडीवाल्यानं वहिनीला बसवून घेतलं होतं. बंडी जवळच्या आडवाटेनं आली होती.

देवराव म्हणाला, “मंग? बंडीत धक्के नाही लागले?”

“लागले न. पण बंडीवाला हवेच्या गोष्टी नव्हता सांगून राहिला!”

* * *

आणि हा त्या रविवारचा.

गौतमच्या गल्लीत नवा रस्ता होणार म्हणून नुसती गिट्टी पसरून ठेवली होती. रोलरचा पत्ता नाही. आणि सकाळीच त्याच्या बायकोला, रत्नाला, कळा सुरू झाल्या. दिवस भरायचे होते अजून. मी धावत जाऊन रिक्षा आणली, तर रिक्षावाला डांबरी रस्त्यावरच थांबला. “गिट्टी पे नहीं आता. चक्का टेढ़ा होता.” गौतमची सायकल अर्थातच चाचांकडे उलटी पडलेली. रत्ना चार पावलं चालली आणि उंबऱ्यावर बसली. गौतमचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात देवराव आला. हवा जरा कमी वाटते म्हणून पंप मागायला!

त्याची सायकल बघून रत्ना त्या कळांतही ओरडली, “नाही जी देवरावभाऊ! तुमच्या सायकलीवर नाही बसत मी! त्यापक्षा इथंच होऊ द्या!”

देवराव आमच्याकडे पाठ करून मागच्या चाकाशी उकिडवा बसला. फुस्स असा लांब आवाज आला. मग पुढच्या चाकाशी बसला.

गौतमच्या आईनं कॅरियरवर गोधडीची घडी टाकली. एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं गौतम, आणि हँडल धरून देवराव, पायी. टायर प्रत्येक गिट्टीवर चपटं होत होतं. मधूनच रिम दगडाला लागून खण्ण वाजायची आणि देवरावचे दात आवळले जायचे.

“वहिनी, घट्ट धरा. गौतम, इकून ये, तिकडे टोकदार गोटा हाय.”

डांबरी रस्त्यावर रिक्षा गाठली, मग दवाखाना. दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतम आमच्या नाक्यावर आला. डोळे तारवटलेले, पण हसू मावत नव्हतं. त्यानं देवरावच्या टायरवर अंगठा दाबला. दगड!

मग हळूच विचारलं, “काल तू हवा सोडली गा?”

देवरावनं पायडलवर पाय ठेवला. “सोडली नाही. गेली.”